दादाचं रक्त

माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली आणि दादानं अहमदपूरच्या अख्ख्या मोंढा बाजारात सांगून टाकलं की बहिणीला घशाचा कॅन्सर झालाय. घसा म्हणजे सभ्य अवयव. चारचौघांत त्याचं नाव घेता येतं. मग लोक लातूरला मला बघायला यायचे, येताना ज्येष्ठमध नाहीतर मध-हळद आणायचे आणि माझी बडबड ऐकून चक्रावून जायचे. एका लांबच्या मावशींनी जाताना माझ्या नवऱ्याला दारात विचारलं, "घशाचा असून एवढं बोलतात?" तो म्हणाला, "मीबी त्याच आशेवर होतो."

ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. तेवढं मी निभावून नेलं. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, घरात आणखी कुणाला होता का? मी ठणकावून नाही म्हणाले. मग आमची आत्या आठवली, ऐन तिशीत गेलेली. घरात सगळे म्हणायचे, वातानं गेली. वात झालेली बाई पदराआड छातीवर फडक्याच्या घड्या कशाला ठेवायची, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? सगळे सभ्य.

त्यावरून बाईंनी माझ्या रक्तातून जनुकांची तपासणी करायला लावली. त्यात दोष निघाला, बहुतेक वडिलांकडून आलेला. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. आधी त्यांचं रक्त तपासा. त्यांच्यात नसला तर त्यांच्याकडून तो मुलीला जायचा प्रश्नच मिटला. असला तर पुढचं मुलीनं ठरवायचं. दोष आहे म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही. पण मग लवकर लक्ष ठेवता येतं."

दादाची एकुलती एक पोर नांदेडला बँकेत आहे आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. माझी गाठ मला कळली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. पोरीला तशी कळायला नको, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. मी अहमदपूरला गेले.

दादा गोठ्यात होता. ऐकलं आणि भडकला.

"बायांचा रोग हाय त्यो. माझं रगत कशाला?"

"तुझ्याकडून पोरीकडं जातो म्हणून."

"मला काय हाय का इथं?" असं म्हणून त्यानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. शेण काढत असलेली वहिनी पदरात तोंड घालून हसायला लागली.

"आन् सोयऱ्याधायऱ्यांत बोभाटा झाला तर? सोयरीक मोडली तर तू जमवून देणार हायस का?"

मला असा संताप आला म्हणून सांगू. पण दादा रागानं वळत नाही, बैलासारखा आणखी रुततो. आणि बैल म्हणजे त्याचा जीव. देवणी जातीशिवाय दुसरं जनावर दारात बांधत नाही. नुकताच देवणी गावच्या बाजाराला जाऊन वळू न घेता हात हलवत परत आला होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वळू कसा होता रे?"

"झकास. वानेरा, पांढरंफेक अंग, काळं तोंड, हाडापेरानं लई दांडगा."

"मग सोडलास का?"

"त्याच्या आईची कास बघितली की. लोंबती. एका सडाला दूधच न्हाई."

"वळू काय दूध देणार होता का?"

"त्यो न्हाई, पर त्याच्या कालवडीत…" म्हणाला आणि थांबला.

वहिनीही झाडता झाडता थांबली. "आता बोला की," ती म्हणाली.

"तू गप," दादा म्हणाला. मी मात्र गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "जनावराला एवढी अक्कल लावतोस, पोटच्या पोरीला बी थोडी लाव."

मी न जेवता निघून आले. आठवड्यानं त्याचा फोन आला, "कुठं यायचं?" कडक इस्त्रीचे कपडे घालून तो लातूरला आला आणि रक्त घेणाऱ्या पोरीला त्यानं सांगितलं, शुगर बघायलोय.

दोष त्याच्यातही निघाला. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजी म्याच दिलं का तिला?"

"तुला बापानं दिलं. आणि तू दिलंच असशील असं नाही. निम्मं-निम्मं."

पोरीला मी सांगते म्हटलं तर नको म्हणाला. त्यानं स्वतः फोन लावला, तिथंच. आधी पाऊसपाणी झालं, सोयाबीनचा भाव झाला. मग एकदम ओरडला, "छातीचा रोग हाय आपल्यात, छातीचा." सगळी रांग वळून बघायला लागली. माझा भाऊ मला त्या दिवशी फार आवडला.

पोरगी रजा काढून आली. बाईंना तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "नाही तपासलं तर चालेल?" बाई म्हणाल्या, "चालेल, तुमची मर्जी." बाईंच्या नावानं मी मनात शंख केला, पण जीभ चावून बसले. पोरीनं चांगला महिनाभर विचार केला. घरातल्या कुणालाच, म्हणजे मला, मधे बोलू दिलं नाही. मग रक्त दिलं.

रिपोर्ट यायचा होता त्या दुपारी मी मेथी निवडत होते तेव्हा तिचा फोन आला.

"आत्या, लोक म्हणतात ना, मी तुझ्यावर गेलेय. खरंच गेलेय गं."

तिचं नाक, उंची, तोंडाळपणा, सगळ्याचा मान मी आजवर मिरवला होता. आता मला हुंदका आवरेना.

"रडू नको," ती म्हणाली. "तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मला सांगितलंय. पप्पांना सांग, स्थळ आलं तर मीच बोलीन. आणि बाईंना विचार, पहिली तपासणी कधी करायची."