उजवा कौल

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, कॉलेज संपल्यावर, मुंबईहून आलेल्या एका संशोधकांची मी दुभाषी झाले. डॉक्टरांच्या चुकांबद्दल विमा कंपनीकडे किती दावे येतात आणि त्यांचं पुढे काय होतं, हा साहेबांचा विषय. मातृभाषा त्यांचीही मराठीच. पण रत्नागिरीतल्या खेड्यांतली माणसं त्यांना म्हणे कळत नसत. मी इंग्रजी शाळेतली, शिवाय गप्प बसणारी, म्हणून सोयीची.

पावसच्या अलीकडच्या एका गावात एका बाईचं उजवं मनगट लोंबत होतं. दंडात इंजेक्शन घेतलं त्या दिवसापासून. जाऊ आमच्यासमोरच म्हणाली, "भातलावणीच्या वेळीच बरा गो तुझा हात पडतो!"

दावा का केला नाही, असं साहेबांनी मला विचारायला लावलं.

"गाऱ्हाणं घातलंय की देवळात," ती म्हणाली. "कौल लावला. देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं, म्हंजे माझं खरं. आता डॉक्टरानं देवासमोर येऊन 'चुकलो' म्हणायचं. दुसरं काय नको. हिचं तोंड तरी बंद होईल."

साहेबांनी लिहिलं, 'दावा नाही', आणि घड्याळ पाहिलं.

डॉक्टर त्याच गावचे. चहा देऊन खालच्या आवाजात म्हणाले, "सुई चुकीच्या जागी गेली. माझीच चूक. कौल पडल्यावर देवळात जायला निघालोही होतो. पण विम्याची अट आहे, कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही."

"शहाणपणा केलात," साहेब म्हणाले. इतकं खूश मी त्यांना फक्त आंब्याच्या पेटीपुढे पाहिलं होतं. अटी पाळणाऱ्या डॉक्टरांवर दावे होत नाहीत, हा त्यांचा सिद्धांत मिटल्या तोंडाने सिद्ध झाला होता.

परतताना ती बाई डाव्या हातात कळशी घेऊन वाटेतच उभी. मागून जाऊ येत होती.

"काय बोलला गो बाय, डॉक्टर?"

गोपनीय आहे, काही सांगू नकोस, असं साहेब इंग्रजीत पुटपुटले. काही न सांगणं मला जन्मापासून जमत आलं होतं.

"चूक माझीच, म्हणाले," मी म्हटलं. मोठ्याने, जावेला ऐकू जाईल असं.

जाऊ थबकली. मग पुढे झाली. "आण ती कळशी इकडं," एवढंच बोलली.

गाडीत साहेब रत्नागिरीपर्यंत फुगून बसले होते. मी म्हणे त्यांचा अभ्यास नासवला. त्यांच्या सगळ्या फिरतीत निकाल लागलेलं ते एकच गाऱ्हाणं. तेवढं त्यांनी अभ्यासातून वगळलं.