डू वन थिंग

सकाळी भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "एक काम करा, मेथी आज राहू द्या. उद्या ताजी येईल." मी मान डोलावली आणि तिथंच उभ्या उभ्या शरमलो.

मी ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करतो, ती कुणा एकाची नाही. जगभरातली माणसं फावल्या वेळात ती सांभाळतात. बदल कुणीही सुचवावा, मग त्यावर इंटरनेटवर इंग्रजीत चर्चा होते. मागे एका बाईंनी सुचवलं होतं, की प्रोग्राम चुकल्यावर येणारा संदेश नवशिक्यांना कळेल असा हवा. त्यांची सुरुवातच होती, "डू वन थिंग." परदेशातल्या एकाने विचारलं, "कोणती एक गोष्ट?" त्याखाली भराभर हसरे चेहरे चिकटले. त्यातला एक माझा.

मला तर कळलं होतं. त्या इंग्रजीखालचं मराठी 'एक काम करा' मला लख्ख ऐकू आलं होतं. आमच्याकडे असं बोलतात, एवढी एक ओळ लिहायची होती. पण मग मीही त्यांच्याच गावचा ठरलो असतो, आणि मला त्या परदेशी मंडळींत बसायचं होतं. बाईंनी इंग्रजीबद्दल माफी मागितली आणि सूचना मागे घेतली.

घरी येऊन ते पान उघडलं. चर्चा केव्हाच बंद झाली आहे. हसऱ्या चेहऱ्यांवर माउसचा बाण नेला की हसणाऱ्यांची नावं दिसतात. बाईंनीही तेव्हा ती पाहिली असणार. त्यात मराठी आडनाव एकच आहे.