लोखंडी साहेबाचा डावा हात

लोखंडी पंज्याची ती भानगड मला आजही जशीच्या तशी आठवते. आठवली की आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. लाज कशाची ते सांगेनच, नावे मात्र कुणाची सांगणार नाही.

काळ कापसाच्या तेजीचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कपाशीला सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या रस्त्यांवर रुईने लादलेल्या बंड्यांची अशी दाटी व्हायची, की आमच्या शिपायांना चोर पकडण्यापेक्षा बैल हाकलण्याचेच काम जास्त. मी तेव्हा शहर ठाण्याचा फौजदार होतो. अंगात रग होती आणि आपल्याला सगळे कळते अशी खात्रीही होती.

कापसाच्या व्यापारात गब्बर झालेला एक विलायती साहेब गावात राहत होता. त्याला आपल्या मुलखातल्या जुन्या हत्यारांचा भारी शौक. पेट्याच्या पेट्या भरून त्याने ती आणवली आणि बंगल्याच्या मोठ्या दालनात मांडली. बाजाराच्या दिवशी ते दालन सगळ्यांना खुले असे. लोक त्याला अजबखाना म्हणत. मी दर आठवड्याला बंदोबस्ताच्या नावाखाली तिथे जायचो. बंदोबस्त कसला डोंबलाचा! पाहायलाच जायचो.

आणि पाहण्यासारखे होतेच. पुरुषभर उंचीची, दोन्ही हातांनी पेलायची तलवार. भाला आणि कुऱ्हाड एकाच दांड्यावर बसवलेले हत्यार. घोड्याच्या तोंडावर घालायचा पोलादी मुखवटा, त्यावर कोरलेली बारीक वेलबुट्टी. लढाईत मरायला निघालेल्या घोड्याला एवढे नटवावे, याचेच मला नवल वाटे. मधोमध उभा असायचा लोखंडी साहेब, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचे अख्खे चिलखत. छातीचा पत्रा मधे उंचावलेला, भाल्याचे टोक लागले तरी घसरून बाजूला जावे असा. शिरस्त्राणाला झडप. खेड्यातली माणसे ती झडप उघडून आत डोकावून यायची.

"माय वं! आतमंदी कोनीच नाई!"

"अन् याले खाज आली, तं हा खाजवत कसा असन?"

या प्रश्नाचे उत्तर साहेबालाही देता आले नव्हते. त्या लोखंडी साहेबात एकच उणे होते. त्याचा डावा पंजा प्रवासात कुठे तरी हरवला होता. उजवा मात्र असा, की पाहतच राहावे. बोटाबोटावर खवल्या मांजरासारखे लहान लहान पत्रे एकावर एक सरकणारे, आणि खीळ कुठे मारली ते दिसत नाही.

नवरात्र सुरू झाले त्याच सुमारास साहेब चिखलदऱ्याहून परतला आणि तडक ठाण्यात येऊन थडकला. उजवा पंजा चोरीला गेला होता.

मी पंच बोलावले आणि जागेचा पंचनामा केला. दाराचे कुलूप शाबूत. कौले जागच्या जागी. खिडक्यांना त्याच वर्षी नवे गज बसवले होते, तेही एका ओळीत ताठ उभे. भिंतीला ओरखडा नाही. म्हणजे चोर दारातून, किल्लीने आला. किल्ली एकाच माणसाकडे होती: साहेबाच्या चौकीदाराकडे. साठीचा म्हातारा, पलटणीतून निवृत्त झालेला. दर आठवड्याला तोच एकेक पत्रा तेलाने पुसायचा. मी त्याला उचलून कोठडीत घातले. त्याच्या घराची झडती घेतली, गाडगी-मडकीसुद्धा उपडी केली. सापडले काहीच नाही.

जबानी घ्यायला बसलो तेव्हा तो ताठ उभा राहिला.

"फौजदारसायेब, साऱ्या उमरीत माह्या पहाऱ्यातून सुई गेली नाई. त्याचा पंजा मी काहून नेऊ? मले काय दोन हात कमी हायेत?"

"मग गेला कुठे, बाबा? पंख फुटले त्याला?"

"ते शोधाचं काम तुमचं. माह्यं काम पहाऱ्याचं होतं. ते मी केलं."

उत्तर उद्धट वाटले म्हणून मी चिडलो. चोर असा ताठ बोलत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते. म्हाताऱ्याने जेवण सोडले. त्याची बायको दोन्ही वेळा भाकरी घेऊन यायची, दारात बसायची आणि तशीच परत जायची. तिच्याकडे पाहायला नको म्हणून मी कागदात डोके घालायचो. साहेबाने तर बजावलेच होते, की दसरा झाला की म्हाताऱ्याला कोर्टात उभा करा. त्या वयात तुरुंगात गेला असता, तर तो जिवंत बाहेर येता ना.

इतक्यात आमच्या बातमीदाराने खबर आणली. अकोल्याच्या बाजारात एक माणूस चांभाराकडे पाच बोटांची कातडी पिशवी शिवून मागत होता म्हणे. मी दमणी जुंपून निघालो, मूर्तिजापुरास बैल बदलले आणि अकोल्याला त्या चांभारापुढे जाऊन उभा राहिलो.

"आला होता ना बाप्पा," तो म्हणाला. "हरनाचं कातडं पाह्यजे म्हने, नरम. डाव्या हाताचं माप देल्लं अन् घेऊन गेला. हात पार काये. अमरावतीकडचा लोहार असन."

माझे डोके चक्रावले. चोरीला गेला उजवा पंजा, आणि माप डाव्याचे? विकायला चोरी करणारा माणूस हरणाचे कातडे शोधत वीस-पंचवीस कोस जाईल कशाला? आणि काळ्या हाताचे लोहार अमरावतीत थोडे का होते! तेजीत बंड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला गावोगावचे लोहार येऊन बसले होते. सगळ्यांच्या झडत्या घ्यायच्या तर पहिल्याच घरी बोभाटा झाला असता आणि पंजा विहिरीत गेला असता.

मी परतलो तो दिवस खंडेनवमीचा. ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती. बंदुका, तलवारी, बेड्या सगळे घासूनपुसून पाटावर मांडलेले. आमचे हवालदार म्हणजे जुने खोड. ते मुद्देमालाच्या खोलीतून एक गंजका सुरा घेऊन आले आणि पाटावर ठेवू लागले. तो एका मारामारीतला पुरावा होता.

"अहो, हा कशाला? हा चोरट्याचा आहे."

"असू द्या ना सायेब. चोरट्याचा असला म्हून का झालं? आपल्या छपराखाली हाये ना? लोखंड घरात ठेवून आज कुंकू नाई लावलं, तं ते कोपते."

मी हवालदारांकडे पाहतच राहिलो. मग नैवेद्याची वाट न पाहता डोक्यावर पागोटे चढवले आणि निघालो. एकटाच, हातात दंडुकासुद्धा घेतला नाही. आजच्या दिवशी कुठलाही लोहार घरातले लोखंड लपवणार नव्हता.

लोहारांच्या गल्लीत घरोघर पूजा मांडली होती. ऐरण, घण, सांडशी, भाता, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले. मी दारादारांत थांबून रामराम करत चाललो. लोक खूश होते, फौजदार स्वतः भेटायला आला म्हणून. सातव्या की आठव्या दारात पाटाकडे नजर गेली आणि मी तिथेच थबकलो. ऐरणीच्या पुढे पंजा होता. एक नव्हे, दोन! उजवा आणि डावा, शेजारी शेजारी, दोघांच्याही मनगटावर कुंकवाचे बोट.

लोहार तिशीचा, अंगाने दणकट. त्याने मला पाहिले आणि हात जोडले.

"सायेब, उद्या नेऊन ठेवनार होतो. दोनी."

"गाढवा, चोरून नेतोस आणि जोडी लावून परत करतोस?"

"तो थोटा उभा होता सायेब. मले पायवे ना. मी त्या साहेबाले म्हनलं होतं, याचा दुसरा हात मी करून देतो. तो हासला. म्हने, हे काम तुमच्यानं व्हत नाई." मान खाली घालून तो पुढे म्हणाला, "मंग म्या म्हनलं, पाहूच."

"शिरलास कसा?"

"खिडकीतून. गज मीच बसवले होते. दोन काढले, पंजा घेतला, अन् पुन्हा बसवले."

"पुन्हा का बसवलेस?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला, जणू मीच वेडा.

"कच्चं काम कसं सोडू, सायेब? माह्या हातचे गज होते ते."

त्याने गज पक्के बसवले म्हणून माझा पंचनामा पक्का झाला, आणि म्हातारा कोठडीत गेला.

"एक निरपराध माणूस तुझ्यापायी कोठडीत आहे, ठाऊक आहे?"

त्याचे डोळे भरून आले. "दोनदा ठाण्याच्या दारापोतर आलो अन् वापस गेलो. मनात म्हनलं, एक अंगठा राह्यला, तेवढा करू अन् मंग जाऊ. काल रातीपोतर काम केलं, तरी एक खीळ राह्यली. आज पूजेतलं हत्यार हाती घेता येत नाई."

मी रागावायचे ठरवले होते. पण त्याने आतून हरणाचे कातडे लावलेला डावा पंजा हातात चढवला, बोटे मिटली, उघडली आणि त्या लोखंडी बोटांनी पाटावरची झेंडूची एक पाकळी अलगद उचलून दाखवली. मग मलाही राहवले नाही. मी उजव्यात हात घातला. चिमूट झाली, मूठ झाली, कुठे अडकले नाही, टोचले नाही. काय सांगू, लहान पोरासारखा आनंद झाला! दोघेही तिथे बोटे नाचवत बसलो. आरोपी आणि फौजदार.

मुद्देमाल आणि आरोपी घेऊन मी आधी ठाण्यात गेलो, म्हाताऱ्याला बाहेर काढले आणि सगळ्यांसह बंगला गाठला. साहेब प्रथम लाल झाला. मग त्याने डावा पंजा उजेडात धरला, उलटा केला, खिळी शोधू लागला. सापडल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्याने लोहाराकडे पाहून टोपी काढली. फिर्यादीचे काय करायचे विचारले, तर म्हणाला, "मीच पंजा कामासाठी दिला होता, विसरलो असे लिहून घ्या." मी खाकरलो आणि लिहून घेतले. कायद्यात ते बसते का, असे मला कुणी विचारू नये. लोहाराने म्हाताऱ्याचे पाय धरले. म्हातारा एवढेच म्हणाला, "उठ. आधी त्याचा अंगठा पुरा कर."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला लोकांनी लोखंडी साहेबाचे दोन्ही पंजे आपट्याच्या पानांनी भरून टाकले. मी मात्र तिथे नव्हतो. मी म्हाताऱ्याच्या ओट्यापुढे उभा होतो.

"बाबा, सोने घ्या. चूक माझी झाली."

त्याने हात पुढे केला नाही. आत त्याची बायको चुलीपाशी थबकली.

"तुमी कुलूप पायलं," तो म्हणाला. "कौलं पायली. माह्या घरातली गाडगी पायली. हालला नसता तो, पन गज हालवून पायला का?"

"नाही पाहिला."

मग त्याने पाने घेतली आणि बायकोला आवाज दिला, "अवं, फौजदारसायेबाले पुरनपोई वाढ. अन् माह्यंही ताट घे."

चोरीच्या मागे नेहमी लोभच असतो असे मी तोवर धरून चाललो होतो. कुणी नुसत्या कौतुकापायीही चोरी करील, हे त्या लोहाराने शिकवले. पण म्हाताऱ्याने शिकवले ते जास्त कामाचे होते. पुढे नोकरीभर चोरीच्या जागी गेलो, की कुलपाकडे पाहण्याआधी मी प्रत्येक खिडकीचा प्रत्येक गज मुठीत धरून हलवायचो. शिपाई माझ्या पाठीमागे हसायचे. मी हसू देत होतो, आणि एकेका गजापाशी मनातल्या मनात म्हणत होतो, "पाहिला, बाबा."