पाय लागला

माझे धाकटे दीर माणसाला पायांवरून ओळखतात आणि पायांवरूनच नापास करतात. असा दुसरा माणूस अख्ख्या महाड-पोलादपुरात नसेल. बाजारात भेटले की आधी माझ्या चपलांकडे बघतात आणि मग विचारतात, "वहिनी, डाव्या पायावर भार टाकताय, गुडघा दुखतोय काय?" दुखत नसला तरी त्या दिवसापासून दुखायला लागतो. महाडला शाळेत ते खेळाचे मास्तर होते. कबड्डी, खो-खो सोडून ह्यांना बेसबॉलचं वेड कुठून लागलं देव जाणे. निवृत्त झाले तरी जिल्ह्यात कुठे सामना असला की पंच म्हणून उभे. आणि बघायचं काय, तर चेंडू टाकणारीचे पाय.

मी चौथी शिकलेली, पण तो पायांचा नियम मला पाठ आहे. माझी सून लग्न होऊन घरात येताना माप लवंडायला तिनं उजवा पाय उचलला, आणि फोटोवाला "थांबा" म्हणाला म्हणून तसाच अधांतरी धरला. दीर मागून ओरडले, "फाउल! सुरू केलेली हालचाल मध्येच थांबवायची नाही!" मापात तांदूळ परत भरायला लावले आणि वऱ्हाडाला उन्हात उभं करून समजावलं. मातीत रबराची पांढरी पट्टी असते, चेंडू टाकणारीचा एक पाय तिला लागलेला हवा. एकदा टाकायला सुरुवात केली की थांबायचं नाही. थांबली, तर समोरच्या संघाच्या धावणाऱ्या मुली एकेक टप्पा फुकट पुढे सरकतात. सून रडायच्या बेताला आली होती, वऱ्हाड भुकेलं होतं, पण ह्यांचं व्याख्यान काही थांबेना.

त्याच सुनेची मुलगी पुढे चेंडू टाकणारी झाली. शिकवलं दिरांनीच. दर गुरुवारी आमच्या गावी कुडपणला यायचे, आमच्या खळ्यात टायरची पट्टी पुरलेली, तिथे पोरीकडून तासन्‌तास पाय टाकून घ्यायचे आणि मग माझ्या हातची भाकरी खायचे. पोरीच्या तळहाताला घाम फार, म्हणून मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात पावडर बांधून तिला पुरचुंडी करून दिली होती.

गेल्या वर्षी जिल्ह्याचा शेवटचा सामना महाडला होता. जिंकलं तर राज्याच्या स्पर्धेला जायचं, आणि पोरीचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. बाहेरून येणारा पंच आलाच नाही. समोरच्या संघाचे मास्तर म्हणाले, "सरच उभे राहूंदेत. ते नातीलाही सोडायचे नायत." सगळे हसले.

शेवटचा डाव, दोन्ही संघांची बरोबरी, आणि समोरची एक मुलगी तिसऱ्या टप्प्यावर. ती घरी, म्हणजे चौथ्या टप्प्यावर, पोचली की खेळ खल्लास. आमच्या पोरीनं पुरचुंडी हातावर आपटली, खाली टाकली, पट्टीवर पाय ठेवला, चेंडू छातीशी धरला. डावा पाय उचलला, आणि तो पुरचुंडीला लागला.

पोरगी थांबली. वाकली. पुरचुंडीला हात लावून कपाळाला लावला.

कशालाही पाय लागला की नमस्कार करायचा, ही सवय तिला मीच लावली आहे, दोन वर्षांची असल्यापासून, पाठीत धपाटे घालून. मैदानाभोवतीच्या बायकांना त्यात काही वावगं दिसलंच नाही. दीरांनी मात्र दोन्ही हात वर केले आणि तिसऱ्या टप्प्यावरच्या मुलीला घरी जायची खूण केली.

मी तशीच मैदानात घुसले. "भावोजी, पोरीनं नमस्कार केलान, चोरी नाय केली!"

"नमस्कार बरोबर आहे, वहिनी. थांबणं चूक आहे."

जिंकलेले मास्तरसुद्धा चाचरत म्हणाले, "सर, पाय लागल्यावर माणूस करणार काय?"

"ते नियमात लिहिलेलं नाही," एवढं बोलून ते कपडे झटकत निघून गेले. पोरगी मला म्हणाली, "आजी, गप बस गो. थांबले मी."

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. मला बरंच वाटलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाहीत, तेव्हा राग आला. चौथ्या गुरुवारी भीती वाटली, कारण माझी जाऊ वारल्यापासून घरात ते एकटेच असतात. एसटी धरून महाडला गेले. दार उघडंच होतं. टेबलावर नियमांचं जाडं इंग्रजी पुस्तक, आणि हे त्यात नाक खुपसून बसलेले. दाढी वाढलेली.

"काय शोधताय?"

"सूट. चुकून पाय लागला तर कुठे सूट आहे का, ते बघतोय. तीनदा वाचून झालं."

"आणि गावली तर?"

त्यांनी चष्मा काढला. "तर मी पोरीचं वर्ष उगाच घालवलं, वहिनी. आणि नाही गावली, तरी घालवलंच."

परतीच्या एसटीची वेळ झाली होती. मी खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसले आणि पानावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यात काय लिवलंय?"

त्यांनी वाचून मराठीत सांगितलं. त्यात काही नव्हतं. मी बोट खालच्या ओळीवर नेलं.