नॉर्मल एक, नॉर्मल दोन

कॅन्सर बायॉलॉजीत एमएससी करते म्हटलं की लोक दोनपैकी एक प्रश्न विचारायचे. ‘औषध सापडलं का?’ किंवा ‘तुला भीती नाही वाटत?’ पहिल्यावर मी चिडायचे, दुसऱ्यावर हसायचे. आमची एमएससी संशोधनाची, म्हणजे वर्गात कमी आणि प्रयोगशाळेत जास्त. उल्हासनगरच्या कॉलेजातली दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन फ्रीज, एक मायक्रोस्कोप आणि आमच्या मॅडम. भीती कसली वाटायची? आजार असायचा तो दुसऱ्या कुणाचा, बंद नळीतून आलेला.

रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटांचे नमुने हॉस्पिटलमधून यायचे. त्यांच्या शेजारी ठेवून बघायला निरोगी माणसाचं रक्तही लागतं. ते आणायचं कुठून? तर फॉर्मवर सही करून आपणच बाही वर करायची, ही आमच्या लॅबची रीत. त्या दिवशी एक नळी माझी होती आणि एक मामांची. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. बदलापूरच्या पुढून, बारवीकडच्या एका वाडीवरून रोज यायचे आणि रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिली होती. सुई बघून मी तोंड फिरवलं तर म्हणाले, “डागतरीन व्हनार ना गं तू? माझा घे पयला. मना काय व्हत नाय.” मी डॉक्टर होणार नाही, हे मी त्यांना दहा वेळा तरी सांगितलं असेल.

रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरवायचा, पट्टी मेथेनॉलमध्ये बुडवायची, मग रंगवायची. पट्टीवर लिहायचं ते पेन्सिलीनेच, कारण मार्करची शाई मेथेनॉलमध्ये धुऊन जाते. हे मीच ज्युनिअरांना सुनावायचे. त्या दिवशी पेन्सिल सापडेना, आणि धीर धरणं आमच्या घराण्यात कुणालाच जमत नाही. मार्करने लिहिलं ‘नॉर्मल एक’, ते माझं. ‘नॉर्मल दोन’, ते मामांचं. पट्ट्या बाहेर काढल्या तेव्हा दोन्ही कोऱ्या. उरलेलं रक्त तोवर टाकून दिलेलं. डावीकडची माझी असावी असं वाटलं, म्हणून तिच्यावर ‘एक’ लिहिलं आणि गप्प बसले. दोघंही धडधाकट, काय फरक पडणार होता!

दुसऱ्या दिवशी ‘एक’ मायक्रोस्कोपखाली ठेवली. लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींतली एक जात. निरोगी रक्तात त्या इथे एक, तिथे एक अशा दिसतात. इथे जिकडे बघावं तिकडे त्याच, सगळ्या एकसारख्या, आणि मध्ये मध्ये काही फुटून पसरलेल्या. असं चित्र मी पेशंटांच्या पट्ट्यांवर कितीदा तरी पाहिलं होतं. ‘दोन’ लावून पाहिली. ती स्वच्छ होती.

बोट टोचून नवी पट्टी करायला अर्धा तास पुरला असता. मी चार दिवस घालवले. मान चाचपायचे, काखा चाचपायचे, आंघोळीला इतका वेळ लावायचे की आई दार वाजवायची. हा प्रकार सहसा उतारवयात होतो, हे मला पाठ होतं, पण पाठ असलेलं काही कामाला येईना. पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल, या एकाच आशेवर मी जेवत होते. आईने विचारलं, “तोंड का उतरलंय तुझं?” म्हटलं, “मॅडम ओरडल्या.” अंबरनाथला आमच्या घरापासून शिवमंदिर पाच मिनिटांवर. एरवी मी बाहेर आईच्या चपला राखत उभी राहते. त्या सोमवारी एकटीच गेले, पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पिंडीपुढे डोकं टेकलं आणि म्हटलं, देवा, पट्ट्या बदललेल्या असू देत. अकरा सोमवार कबूल केले.

पाचव्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं, मार्करसकट. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “आधी बोट दे,” एवढंच म्हणाल्या. पट्टी त्यांनीच केली, पेन्सिलीने त्यांनीच लिहिलं. त्या मायक्रोस्कोपमध्ये बघत होत्या आणि मी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत होते.

“स्वच्छ आहे. ये, बघ.”

मी पाहिलं. इथे एक, तिथे एक. मी तिथेच स्टुलावर बसून हुंदके देऊन रडले आणि मग हसायलाच लागले. “म्हणजे पट्ट्या बदलल्याच होत्या मॅडम! मला वाटलंच होतं!”

मॅडम हसल्या नाहीत. त्या दाराकडे बघत होत्या. बाहेरच्या सिंकवर मामा बाटल्या धूत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की चार दिवस मी देवाकडे नक्की काय मागत होते.

मॅडम म्हणाल्या, “मी सांगते त्यांना.” मी म्हटलं, नको, चूक माझी आहे. मामांजवळ गेले. पट्ट्यांचं सांगितलं, चार दिवसांचंही सांगितलं. आज मॅडमबरोबर हॉस्पिटलमध्ये जाऊन पुन्हा रक्त द्यायचंय, खरं काय ते डॉक्टरच सांगतील, असं बरंच बोलत राहिले. त्यांनी नळ बंद केला.

“आपल्याकडं नळ्या येतात, त्या मानसांसारखा?”

“तसं दिसतंय मामा. नक्की नाही अजून.”

त्यांनी हात पुसले, एकेक बोट करून, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं.

“म्हंजी चार दीस तुला वाटत व्हता, ह्यो तुझाच हाय?”

“हो.”

“आन एकलीच भ्यालीस व्हय गं, पोरी? मना सांगायचा ना.”

मला रडूसुद्धा येईना. स्वतःसाठी मघाशीच सगळं रडून झालं होतं.