साखर उपासाला चालते

२००४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे राहायला गेलो होतो, ओहायोतल्या डब्लिनला. मुलाने चूल, फ्रिज, पलंग सगळं आत असलेली मोठी गाडी भाड्याने घेतली आणि सून, नात, आम्ही दोघं, सगळ्यांना मिशिगनच्या तळ्याकडे नेलं. तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. गाडीसकट बोटीत चढायचं आणि चार तासांनी पलीकडे उतरायचं, असा बेत होता.

त्या दिवशी संकष्टी होती. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने उपास करायचा नसतो, हे डॉक्टरांनी यांना बजावलं होतं. यांनी मान डोलावली आणि उपास चालूच ठेवला. शेवटी मी अट घातली, सुई टोचली की लगेच खिचडी खायची. पोटभर.

धक्क्यावर गाड्यांची रांग होती. मी गाडीतच साबुदाण्याची खिचडी करून डब्यात भरली. यांनी सुई टोचून घेतली. तेवढ्यात बोटीवरच्या माणसाने काच वाजवली. गॅस बंद करा, खाली उतरा, गाडी आम्ही आत नेतो. घाईघाईत उतरलो. डबा ओट्यावरच राहिला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने घेतलाय.

बोट सुटल्यावर ते लक्षात आलं. गाड्यांच्या मजल्याचं दार तोवर बंद झालं होतं. सून बोटीवरच्या माणसांना शोधायला धावली. वर थंड वारा होता, सगळे स्वेटर घालून बसलेले, आणि यांच्या कपाळावरून घाम गळत होता. हात थरथरत होते.

मुलगा कोक घेऊन आला. "बाबा, दोन घोट घ्या."

"उपास आहे."

"बाबा, प्लीज यार! शुगर लो झालीय तुमची."

"त्या बाटलीत काय काय घालतात, तुला माहीत आहे? ने ते."

यांची जीभ जड झाली होती. नात माझ्या पदराला धरून म्हणाली, "इज आजोबा डाइंग?" तेवढं इंग्रजी मला कळतं.

"नाही," मी म्हटलं. "हट्ट करतायत."

कॉफीच्या टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या. मूठभर उचलल्या, दातांनी फाडल्या.

"अहो, साखर उपासाला चालते. तोंड उघडा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली नाही. गाल दाबून साखर आत लोटली. अर्धी सदऱ्यावर सांडली. पुन्हा लोटली. शेजारची गोरी बाई उठून दुसरीकडे गेली.

हळूहळू यांची नजर थाऱ्यावर आली. सून डबा घेऊन आली, तोवर यांना राग यायला लागला होता.

"चारचौघांत तोंडात कोंबलंस."

"कोंबलं. खिचडी खा."

खिचडी खाल्ली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी पलीकडे गाडी लावली. यांनी मुलाला विचारलं, "इथे चंद्र किती वाजता उगवतो रे?" चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही, हा यांचा नेम. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवसांत तिथे नऊ वाजले तरी उजेड असतो. चंद्र त्याच्याही पुष्कळ नंतर.

मी यांच्या हातात सुई दिली आणि वरणभाताचं ताट समोर ठेवलं.

"अजून सूर्य आहे वर," हे म्हणाले.

"दिसतोय मला."

ताट तसंच राहिलं. नात आजोबांकडे टक लावून बघत होती, दुपारसारखीच. यांनी तिच्याकडे बघितलं. मग सुई टोचून घेतली आणि भात कालवला.