चांगुणाबाईचे गिरणीचे पाच कागद

डोंगरकडा गावची चांगुणाबाई कुणावर विश्वास ठेवीत नसे, आणि ही गोष्ट ती लपवीतही नसे. पुजाऱ्यानं हातावर खोबरं ठेवलं तर ती आधी त्याच्या ताटात किती उरलं ते बघायची. वाण्याकडून मीठ घेतलं की घरी येऊन पुन्हा मापायची. आणि माप बराबर भरलं तर तिला जास्तच काळजी वाटायची, की मग यानं मारलं तरी कुठं?

तिचं सगळं आयुष्य मेंढरांत गेलेलं. नवरा लवकर वारला, पोटी लेकरू नाही. साठ-सत्तर मेंढरांतली निम्मी ती अर्धलीनं देऊन टाकी. अर्धल म्हणजे मेंढी हिची, राखण दुसऱ्याची, आणि होतील ती कोकरं निम्मी-निम्मी. पण कोकरू जन्मलं की चार कोस चालत जाऊन त्याच्या कानाला स्वतःच्या हातानं खूण करून यायची. राखणारा म्हणाला, कोकरू लांडग्यानं नेलं, तर बाई विचारायची, "कान कुठंय?" कानासकट नेलं म्हटलं तर, "कंच्या वाटेनं नेलं ते दाखव." आणि खरोखर काठी घेऊन रक्ताचे डाग शोधत निघायची. तिच्या मेंढरांकडं लांडग्यांनी पुढं पुढं येणंच सोडलं, असं गावात हसून सांगत.

एकच माणूस तिच्या घरात केव्हाही येई-जाई. तो तिचा भाचा मसाजी. भावाची बायको गेली तेव्हा पोर चार वर्षांचं होतं, ते चांगुणाबाईनं आणलं आणि वाढवलं. मोठा होऊन तो वसमतला कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावर लागला. गाड्या तोलायचं काम. तोलणाऱ्याचा हात कसा असतो ते सगळ्या मुलखाला ठाऊक, पण मसाजीचा हात सरळ होता. शेतकरी दुसऱ्या काट्याची रांग सोडून त्याच्या काट्याला गाडी लावत. बाईला त्याचा अभिमान होता, पण त्यानं बाजारातून आणलेल्या सामानाची मोड ती त्याच्यासमोर मोजून घ्यायचीच. तो हसायचा.

छत्तीस साली बाईनं नवऱ्याच्या वाट्याचा मळा दिराला विकून टाकला. पाचशे वीस रुपये हाती आले. ते वसमतच्या एका पेढीवर ठेवले. पेढी आधी वर्षाला शेकडा सहा द्यायची, पण त्या साली बाजारात पैसा पडून होता, घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून पेढीनं व्याज चारावर आणलं. बाई चिडली. मसाजी म्हणाला, "आत्या, मन्याड गिरणीचे कागुद घे. शंभराच्या कागदाला साल दर साल सहा रुपये नफ्याचा वाटा देती. शेअर म्हणतात त्याला. पेढ्यांचं व्याज उतरलंय म्हणून लोक तिकडं चाललेत, भाव एकशे चार झालाय. पाच येतील."

"म्हंजे अर्धलीनं मेंढी दिल्यावानी?"

"व्हय, तसंच. गिरणी राखती, आपल्याला वाटा येतो."

"अन् खूण?"

"कागदावर लंबर असतो की."

नंबराची खूण बाईला पटली. स्वतः जाऊन घेणार होती, पण नेमक्या मेंढ्या विणीला आल्या. विणीच्या मेंढ्या दुसऱ्यावर सोडायच्या म्हणजे कोकरांची अदलाबदल ठरलेली. तेव्हा पैसे मसाजीच्या हाती दिले. त्यानं पाच कागद आणि पावती आणली. पावती तिनं गावात तिघांकडून वेगवेगळी वाचून घेतली. तिघांनीही एकशे चारच वाचलं. लिहिणाऱ्यानं लिहिलं तेच वाचणार, असं म्हणून बाईनं ती डब्यात टाकली.

दोन वर्षं वाटा बिनचूक आला, वर्षाला तीस रुपये. मसाजी आणून द्यायचा, ती दोनदा मोजायची. सगळं सुरळीत होतं, आणि हेच तिला खुपायचं.

अडतीस साली कापूस असा फुटला की गाड्या ठेवायला जागा उरली नाही. व्यापाऱ्यांना खरेदीला रोकड पाहिजे होती, आणि ती पुरेना. पेढ्या शेकडा नऊ देऊ लागल्या. तेव्हाच एकदा वसमतच्या बाजारात लोकर विकताना बाईच्या कानावर पडलं की मन्याडचे कागद सत्तरला मिळून राहिलेत.

तिच्या मनात पाल चुकचुकली. वाट्यात तर खोट नव्हती, परवाच सहाच्या सहा आले होते. मेंढीला वर्षाला कोकरू होतंय, दात शाबूत आहेत, मग एकशे चारची मेंढी सत्तरवर येईलच कशी? मेंढीचा भाव पडतो तो रोगानं नाहीतर वयानं. गिरणीला ना रोग, ना वय. घरी येईपर्यंत बाईचा हिशेब पक्का झाला होता. कागद पहिल्यापासून सत्तरचाच. कागदामागं चौतीस, पाचांचे एकशे सत्तर, मसाजीच्या खिशात.

मसाजीनं जीव तोडून समजावलं. "आत्या, पेढ्यांचं व्याज चढलं म्हणून कागुद उतरला. पेढी नऊ देती, मग सहा देणाऱ्या कागदाला शंभर कोण मोजंल?"

"व्याज पेढीचं, कागुद गिरणीचा," बाई म्हणाली. "तुझी बायकू जेवल्यानं माझं पोट भरतं का?"

मसाजी पहिल्यांदाच हसला नाही. "मग तुला काय पाहिजे?"

"बेल-भंडारा उचल."

खंडोबाच्या पायरीवर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा उचलून शपथ घ्यायची, ही तिथल्या धनगरांची शेवटची कसोटी. शपथेनंतर पाच रविवार वाट बघायची. घरात, मेंढरांच्या वाड्यात काही अरिष्ट आलं नाही तर माणूस खरा. आलं, तर भंडारा भोवला. जातीचे म्हातारे पंच उकंडराव बाईला म्हणाले, "आपलंच लेकरू हाय. काहून करायलीस?" बाई म्हणाली, "खरा असंल तर त्याला भ्यायचं काय काम?" मसाजीनं सगळ्यांदेखत भंडारा उचलला. मग बाईकडं न बघताच तो पायरी उतरला. रागानं बघितलं नव्हतं, पण बाईला ती भीती वाटली.

मग बाई रविवार मोजायला बसली. दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात माळावर मेंढरांना हगवण लागली आणि मसाजीनं गावात अर्धलीनं ठेवलेल्या मेंढ्यांची नऊ कोकरं चार दिवसांत मेली. गावभर झालं, भंडारा भोवला. बाईनं नुसती मान हलवली, पण आतून तिला मोठं समाधान वाटलं, ते मी इथं सांगितलंच पाहिजे. त्याच माळावर, त्याच चार दिवसांत, तिची स्वतःची अकरा कोकरं मेली होती. पण तिनं कुठं शपथ घेतली होती? तिची कोकरं नुसतीच मेली होती.

गोष्ट वसमतला पोचायला वेळ लागला नाही. शेतकरी मसाजीच्या काट्यावरून गाड्या वळवू लागले. जिनिंगच्या मालकानं त्याला बोलावून सांगितलं, "तू काय केलंस अन् काय न्हाई, मला ठाऊक न्हाई. पण ज्याच्यावर बोट दाखवलं तो माणूस काट्यावर चालत न्हाई." मसाजी गावी परत आला आणि दुसऱ्यांची मेंढरं वळू लागला. चांगुणाबाईकडं मात्र आला नाही.

बाईनंही त्याला बोलावलं नाही. तिनं पाचही कागद उचलले, वसमतला कापसाचा व्यापारी पुनमचंद असे कागद घेतो असं कळलं होतं, त्याला सत्तरनं विकले, आणि साडेतीनशे रुपये पेढीवर नऊनं ठेवले. वर्षाला साडेएकतीस. गिरणीपेक्षा दीड रुपया जास्तच. कुणाच्या मध्यस्थीशिवाय व्यवहार केला म्हणून ती खूश होती.

पुढच्या साली पावसानं ओढ दिली, कापूस निम्म्यावर आला. खरेदीच नाही तर रोकड कुणाला पाहिजे? पेढीनं व्याज परत चारावर आणलं. साडेतीनशेचे चौदा रुपये. बाईनं पेढीच्या गादीसमोर बसून मोठा आवाज केला, पण व्याज आवाजानं चढत नसतं. तेव्हा ती पैसे उचलून पुनमचंदकडं गेली आणि म्हणाली, "माझे पाच कागुद परत दे. सत्तरनं."

"आज एकशे आठ चाललेत, बाई."

बाईला वाटलं, हाही चोर. "गेल्या साली सत्तर, औंदा एकशे आठ? गिरणीनं काय वाटा वाढवला?"

"नाही. वाटा सहाच." पुनमचंद शांत माणूस होता. "हे बघा. पेढी चार देते, तेव्हा सहा देणारा कागद सगळ्यांना गोड लागतो, म्हणून चढतो. पेढी नऊ देते, तेव्हा लोक कागद विकून पेढीकडं पळतात, म्हणून पडतो. गिरणी जिथल्या तिथं. पहिल्यांदा तुमच्या भाच्याला मीच दिले होते की, पाच कागद, एकशे चारनं. तो दोन रुपये कमी करा म्हणून अर्धा दिवस इथं बसला होता. म्हणे, आत्याचा पैसा आहे."

बाई त्याच्या ओट्यावर खाली बसली. मग म्हणाली, "तू गेल्या साली का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही भाव विचारला, बाई. बाकी काही विचारलंच नाही."

खरं होतं. विचारलं असतं, तर व्यापारी व्यापाऱ्याची बाजू घेतोय असं म्हणून ती उठूनच गेली असती, तेही खरं. पण ते आता कुणाला सांगणार? चांगुणाबाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

डोंगरकड्याला आल्यावर ती घरी न जाता सरळ मसाजीच्या दारात गेली. त्याची बायको आशाबाई ज्वारी पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन सांगितलं. मसाजी बाहेर आला. माळावरच्या उन्हानं तो काळा ठिक्कर पडला होता.

"मसाजी, माझं चुकलं," बाई म्हणाली. "पुनमचंदनं समदं सांगितलं. मी उद्याच पंचाम्होरं जाऊन सांगती."

"सांग की," मसाजी म्हणाला. "पर काट्यावर दुसरा माणूस बसलाय. त्यो आता उठायचा न्हाई."

बाईनं कमरेची पैशाची पिशवी सोडली. आयुष्यात कुणाच्या हाती तिनं ती न मोजता दिली नव्हती. "ह्ये घे. वसमतला जा. वाटंल तेवढे कागुद आण, वाटंल त्या भावानं आण. न्हाईतर तुझं तू काही कर ह्याचं. मी मोजणार न्हाई, पावती बी बघणार न्हाई."

मसाजीनं पिशवी घेतली नाही. आशाबाई दारात उभी होती, ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आत्या, तू मला वाढवलंस," तो म्हणाला. "दुखणं आलं, जागायची वेळ आली, तर मी येईन. पर तुझा पैसा मी आता हातात घेणार न्हाई. येकदा भंडारा उचलला. परत उचलायची ताकद माझ्यात न्हाई."

"कुणी उचलायला सांगणार न्हाई रं तुला."

"कागुद आणले तवा बी मला असंच वाटलं व्हतं," मसाजी म्हणाला, आणि खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांकडं निघून गेला.

चांगुणाबाई पिशवी पुढं करून बराच वेळ तिथंच उभी होती. शेवटी आशाबाईनं तिचा हात धरून तिला ओट्यावर बसवलं, पण पिशवीला मात्र तिनंही हात लावला नाही.